थडग्यांवरून वंशशोध (कोकण)

थडग्यांवरून वंशशोध : गावच्या लहान दफनभूमीतील कबरी, त्यांवरचे लेख, कबरींची मांडणी आणि शेजार यांच्या आधाराने घराण्याच्या मागच्या पिढ्या जुळवण्याची रीत. कोकण किनाऱ्यावर ती मुख्यतः बेने इस्रायल (मराठीभाषक यहुदी), कोकणी मुसलमान आणि ख्रिस्ती या समाजांत चालते. हिंदूंमध्ये दहनाची चाल असल्याने तिथे कुलवृत्तांत, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि जमिनीचे कागद हाताशी धरावे लागतात. लिंगायत आणि गोसावी यांच्या समाध्या हा अपवाद. सिंधुदुर्गात अनेक घराण्यांचे मूळपुरुषाचे ठिकाण पुजले जाते, पण तिथे नाव कोरलेले क्वचितच सापडते.

कबरीवरून तारीख कळते, या समजुतीने लोक दफनभूमीत जातात. प्रत्यक्षात दगडावरची सर्वांत बेभरवशाची गोष्ट तीच. भरवसा ठेवावा तो नात्यावर: कोणाचा मुलगा, कोणाची बायको, कोणाच्या शेजारी पुरले. म्हणून एकच कबर वाचून निघून येणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडत नाही. अख्खी रांग उतरवून घेणाऱ्याला घराणे सापडते.

बेने इस्रायलांची कबरस्ताने

रायगड जिल्ह्यात अलिबाग, नवगाव, रेवदंडा, पेण, पनवेल अशा ठिकाणी या समाजाच्या दफनभूमी आहेत. समाजाची परंपरा सांगते, की पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि वाहून आलेली प्रेते तिथेच पुरली. नवगावला ते उंचवटे दाखवले जातात आणि स्मारकही आहे. वंशशोधाच्या दृष्टीने ही जागा श्रद्धेची आहे, पुराव्याची नाही. तिथून आजच्या एखाद्या घरापर्यंत नावानिशी साखळी लावता येत नाही, आणि तसा दावा कोणी केला तर तो बाजूला ठेवलेला बरा.

पुढे हे लोक गावोगाव पांगले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावे गावांवरून पडली: किहीमचे केहीमकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, झिराडचे झिराडकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर. अशी आडनावे शंभराहून जास्त आहेत. इथेच नवख्याचा पाय घसरतो. आडनाव गाव सांगते, रक्त सांगत नाही. एका गावातून निघालेली दोन असंबद्ध घराणी एकच आडनाव लावतात, आणि दिवेकर, दांडेकर ही आडनावे तर यहुद्यांत आहेत तशी चित्पावनांतही आहेत.

खरा धागा बापाच्या नावाचा. पण तो धागाही गुंततो, कारण मराठी तोंडात हिब्रू नावे बदलली. सॅम्युएलचा सामाजी झाला, हेजेकेलचा हसाजी, बेंजामिनचा बनाजी, अब्राहामचा अबाजी, मोशेचा मुसाजी. मुंबईत १७९६ साली बेने इस्रायलांचे पहिले सिनेगॉग (यहुदी प्रार्थनामंदिर) बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हेच सामाजी हसाजी दिवेकर. एकोणिसाव्या शतकात शाळा, फौज आणि सरकारी कचेऱ्या यांच्या वाटेने बायबलातली इंग्रजी वळणाची रूपे परत आली. त्यामुळे आजोबांच्या दगडावर बनाजी आणि त्यांच्याच मुलाच्या दगडावर बापाच्या जागी बेंजामिन, असे दिसू शकते. ही दोन माणसे धरली की वंशावळीत एक पिढी फुकटची घुसते. मुंबईला गेलेल्या अनेकांनी गावचे आडनाव सोडून बापाचे नावच आडनाव केले. त्यांची कबर मुंबईत आणि बापाची गावात असेल, तर दोघांच्या आडनावांत काहीच साम्य उरत नाही.

आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची चाल या गुंत्यात भर घालते. समजा, एका रांगेत ‘रूबेन अब्राहाम’ असे दोन दगड आहेत. ते सख्खे आजोबा-नातू असू शकतात, चुलतभाऊ असू शकतात, किंवा त्यांचा काही संबंधही नसेल. वय आणि मृत्यूचे साल यांवरून जन्मसाल काढायचे, बायकोचे नाव बघायचे आणि मगच ठरवायचे. ही वजाबाकी कंटाळवाणी असते, पण निम्मे घोळ तिनेच सुटतात.

बायकांच्या कबरींकडे दुर्लक्ष होते, आणि तिथेच जास्त माल असतो. बहुतेक दगडांवर स्त्रीचे नाव नवऱ्याच्या नावाशी जोडलेले असते आणि माहेर बुडते. पण जिथे ‘अमक्याची मुलगी, तमक्याची बायको’ असे दोन्ही लिहिले आहे, तो दगड दोन गावांची दोन घराणी जोडतो. कोवळ्या वयात गेलेल्या सुनेच्या दगडावर माहेर आहे का, हे आवर्जून बघावे. तिला मूल नसले तर दुसऱ्या कुठल्याच कागदात ते माहेर येत नाही.

काही दगडांवर सुभेदार, जमादार, हवालदार असे हुद्दे असतात. कंपनी सरकारच्या आणि पुढे ब्रिटिशांच्या मुंबई फौजेत या समाजाची माणसे मोठ्या प्रमाणावर होती. हुद्दा आणि पलटण मिळाली की शोध गावाबाहेर, लष्करी कागदांत नेता येतो.

तारखा

कोकणातल्या दफनभूमींत इसवी, हिब्रू, शक आणि हिजरी अशा चार कालगणना भेटू शकतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचे, म्हणून सरळ बेरीज चालत नाही, तक्ताच लागतो. अंदाजासाठी एवढे लक्षात ठेवावे, की हिजरी १३०० हे वर्ष नोव्हेंबर १८८२ मध्ये सुरू झाले. दगडावर ‘वय ६६ वर्षे’ असेल तर ती वर्षे कोणती हेही विचारावे, कारण हिजरी ६६ म्हणजे इंग्रजी ६४.

हिब्रू सनातून ३७६० वजा करायचे. वर्ष शरद ऋतूत सुरू होते, म्हणून वर्षाच्या आरंभापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या मृत्यूसाठी ३७६१. सन आकड्यांत नव्हे, अक्षरांत कोरलेला असतो आणि पाच हजार बहुधा गाळलेले असतात. ताव म्हणजे ४००, रेश २००, आयिन ७०: मिळून ६७०, म्हणजे ५६७०, म्हणजे १९०९-१०. पंधरा आणि सोळा या तिथी दहा-पाच, दहा-सहा अशा न लिहिता नऊ-सहा, नऊ-सात अशा लिहितात, कारण पहिल्या जोड्यांत देवाच्या नावाची अक्षरे येतात.

झीज झालेल्या दगडावर सर्वांत जास्त फसवणारी जोडी म्हणजे हे (५) आणि हेत (८). दोन्ही अक्षरांना वर आडवी रेघ आणि खाली दोन पाय. फरक एवढाच, की ‘हे’चा डावा पाय रेघेला चिकटत नाही, मध्ये फट असते. त्या फटीत शेवाळ बसले की पाचाचे आठ होतात, आणि फोटोत तर ते कळतही नाही. बोटाने चाचपले तर खाच लागते. दालेत (४) आणि रेश (२००) यांत कोपरा टोकदार आहे की गोल, एवढाच भेद. पण तिथे चूक झाली तर बेरीजच भलती येते, म्हणून ती लगेच पकडता येते. पाच-आठची चूक मात्र तीन वर्षांची असते, खपून जाते आणि वंशावळीत कायमची बसते.

दगड, पाऊस आणि वाचन

कोकणातली साधी थडगी जांभ्याची. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत कडक होतो, पण भोकाभोकांचा असल्याने त्यावर बारीक अक्षर टिकत नाही. म्हणून चौथरा जांभ्याचा आणि लेखासाठी वेगळी पाटी, काळ्या दगडाची किंवा संगमरवराची, अशी पद्धत पडली. परिणामी पाटी निखळते, फुटते, साफसफाईत दुसऱ्याच कबरीवर ठेवली जाते. सुटी पाटी दिसली तर ती जिथे आहे तिथलीच, असे धरून चालू नये. चौथऱ्यातल्या खाचेचे माप आणि पाटीचे माप जुळते का ते बघावे.

खारे वारे आणि अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस संगमरवरालाही सोडत नाही. अक्षरे बुजलेली असतील तर भर दुपारी वाचू नयेत. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात, प्रकाश तिरपा पडतो तेव्हा खाचांत सावली भरते. ढगाळ दिवशी किंवा झाडाखाली आरशाने उजेड बाजूने पाडला तरी चालतो. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. तारेचा ब्रश, ॲसिड, खडू, पीठ यांतले काहीही दगडाला लावू नये. ॲसिडने संगमरवर दहा मिनिटांत स्वच्छ दिसतो आणि पुढच्या काही पावसाळ्यांत कोरा होतो.

ऋतूही महत्त्वाचा. दिवाळीपर्यंत गवत कमरेएवढे असते, घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्यांनी रांगा झाकलेल्या असतात. गवत वाळून कापले गेले की मोकळे दिसते, म्हणून माघापासून पुढचे दिवस सोयीचे. जांभ्याच्या सांदीत फुरसे असते. दगड उचलण्याआधी काठीने हलवावा, आणि गावातला माणूस बरोबर असावा. तो वाटेत जे सांगतो ते पाटीवर नसते.

अक्षर नसलेल्या कबरी

कोकणी मुसलमानांच्या बहुतेक कबरी मातीच्या, डोक्याशी आणि पायाशी एकेक दगड. नाव असतेच असे नाही. मुरूडजवळ खोकरीला सिद्द्यांचे घुमट आणि कोरीव लेख आहेत, पण ते राज्यकर्त्यांचे. गावच्या कबरस्तानात दिशा बोलते: कबर उत्तर-दक्षिण खणतात, मय्यताचे तोंड पश्चिमेला, किब्ल्याकडे (मक्केच्या दिशेला). रानात मोकळे दगड दिसले तर ती कबर आहे की जुन्या गडग्याचे अवशेष, हे ठरवायला याचा उपयोग होतो. बाकी माहिती जमातीच्या वडीलधाऱ्यांकडे आणि कबरी खणणाऱ्याकडे. कुठली जागा मोकळी आणि कुठली नाही हे त्याला माहीत असावेच लागते, म्हणून त्याच्या डोक्यात सगळा नकाशा असतो. आडनावांत मुकादम, काझी, खतीब, नाखवा अशी हुद्द्यावरून आलेली पुष्कळ. तीही गावोगाव स्वतंत्रपणे पडलेली, तेव्हा नात्याचा पुरावा म्हणून कच्ची.

ख्रिस्ती दफनभूमीत जागेच्या टंचाईमुळे ठरावीक वर्षांनी कबर पुन्हा वापरली जाते. त्यामुळे वरची पाटी म्हणजे त्या जागेतला शेवटचा माणूस, पहिला नव्हे. त्याची भरपाई चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या वह्या करतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्ममातापित्यांचीही नावे असतात आणि ती बऱ्याचदा नात्यातलीच निघतात. कोर्लईसारख्या गावात मोजक्याच आडनावांवर सारी वस्ती उभी असल्याने या वह्यांवाचून गत्यंतर नाही. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, कुटुंबे कबरी साफ करून मेणबत्त्या लावतात. कोणती कबर कोण सांभाळते हे त्या एका संध्याकाळी उभ्या उभ्या कळते. एरवी तेवढ्यासाठी गावभर चौकशी करावी लागते.

साथी आणि अपघात

एकाच सालाच्या कबरी दाटीने दिसल्या तर साथ आठवावी. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग सुरू झाला आणि माणसे बोटींनी गावाकडे पळाली. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला गावोगाव मानमोडी म्हणत. अशा वेळी घाईत पुरलेल्यांना पाटी मिळतेच असे नाही, आणि घराण्याची एक फांदी अचानक संपल्यासारखी दिसते. याच्या उलट, नाव आहे पण कबर कुठेच नाही, असेही होते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली, आणि कित्येकांची प्रेते मिळालीच नाहीत. किनाऱ्यावरच्या घराण्यात १९४७ साली गेलेला माणूस दफनभूमीत सापडत नसेल, तर आधी हे विचारावे.

कागदांची जोड

दगडावरचे नाव कागदावर आल्याशिवाय वंशावळ पक्की धरू नये. जन्ममृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याने देशभर एका चौकटीत आली. त्याआधीची नोंद गाव नमुना क्रमांक १४ मध्ये आणि कोतवाल बुकात मिळते, जुनी पाने बहुधा मोडीत. वारसांची नावे फेरफारात (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत) आणि गाव नमुना सहा-क च्या वारस नोंदवहीत येतात. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मुलाचे पूर्ण नाव, जात आणि जन्मतारीख असते, मात्र ती तारीख मास्तरांनी अंदाजाने घातलेली असण्याचा संभव मोठा. मोडी वाचणारा माणूस तालुक्यात शोधावा लागतो. आधी कबरींची यादी करून मग त्याच्याकडे गेले तर त्याचे आणि आपले काम निम्म्यावर येते.

बेने इस्रायलांपैकी बहुतेक कुटुंबे १९४८ नंतर इस्रायलला गेली. तिथे वंशाचा प्रश्न केवळ हौसेचा राहिला नाही. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) कार्यालयाने या समाजाबाहेर लग्न करू पाहणाऱ्या बेने इस्रायलांची आईकडची वंशपरंपरा शक्य तितकी मागे तपासावी, अशी सूचना काढली. गावच्या थडग्यांवर बहुतेक आयांचे माहेरच नाही, तिथे हा पुरावा कोण कुठून आणणार होता? समाजाने निदर्शने केली, उपोषणे केली, आणि १९६४ मध्ये ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे मान्य होऊन सूचनेतला या समाजाचा उल्लेख काढला गेला.

आता तिकडची नातवंडे, पतवंडे रायगडात येतात, थडगी शोधतात आणि प्रेमाने नवी पाटी बसवतात. ती बहुधा इंग्रजीत असते, तिच्यावर रूपांतरित केलेली तारीख असते, आणि ‘सामाजी’चा ‘सॅम्युएल’ झालेला असतो. जुनी पाटी काढून टाकली जाते किंवा ऑइलपेंटने अक्षरे भरताना भलतीच वळणे दिली जातात. नवी बसवायची असेल तर जुनी चौथऱ्याच्या पायथ्याशी सिमेंटात पक्की करावी, तिचा रंगवण्याआधीचा फोटो घ्यावा आणि नव्या पाटीवर मूळ नाव व मूळ सन जसेच्या तसे कोरून घ्यावेत. पाथरवटाला अक्षरामागे पैसे द्यावे लागतात, म्हणून लोक नेमके बापाचे नाव गाळतात.