‘इनकमिंग फ्री’चे पैसे कोण भरत आले?

एका कंपनीच्या मोबाइलवरून दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलला फोन लागला की दोन्ही जाळी जिथे जोडलेली असतात तिथे एक नोंद पडते: कोणी लावला, कोणाला लावला, किती सेकंद चालला. ठरावीक मुदतीने दोन्ही कंपन्या आपापल्या नोंदी ताडून पाहत. जिच्याकडून जास्त मिनिटे गेली, ती २०२० अखेरपर्यंत दुसरीला फरक देत असे. ग्राहकाच्या बिलात या देवाणघेवाणीची ओळ कधीच छापली गेली नाही. तरीही इनकमिंगचे पैसे केव्हा पडायचे, केव्हा थांबले आणि पुन्हा मागच्या दाराने कसे आले, हे सगळे याच हिशेबातून ठरत गेले.

३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. त्या वेळी फोन करणारा आणि घेणारा, दोघेही पैसे मोजत. गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत आकारणी करायची मुभा होती. त्यामुळे पडद्यावर नंबर पाहायचा, फोन कट करायचा आणि जवळचा पीसीओ (पैसे देऊन फोन करायचे बूथ) गाठून उलट लावायचा, ही सवयच पडली होती. ‘लावणाऱ्याने पैसे भरावेत’ हा नियम १९९९ मध्ये आणायचा प्रयत्न झाला, पण जानेवारी २००० मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. पुढे कायदा बदलला, दूरसंचार नियामकाचे (‘ट्राय’चे) अधिकार वाढले आणि १ मे २००३ पासून इनकमिंगचे पैसे पडणे बंद झाले.

इथे एक गैरसमज रुजला, तो आजही तसाच आहे. इनकमिंग फुकट झाले नव्हते. फोन लावणाऱ्याकडून वसूल झालेल्या पैशातला ठरलेला वाटा घेणाऱ्याच्या कंपनीकडे जाऊ लागला, एवढेच. या वाट्याला कागदोपत्री ‘टर्मिनेशन चार्ज’ म्हणतात. ‘टर्मिनेशन’ म्हणजे इथे फोन तोडणे नव्हे, तर तो मुक्कामी पोचवणे. फेब्रुवारी २००४ पासून हा दर सगळीकडे मिनिटाला ३० पैसे होता, एप्रिल २००९ मध्ये २० पैसे झाला आणि मार्च २०१५ मध्ये १४ पैसे. दहा मिनिटे बोलणे झाले तर घेणाऱ्याच्या कंपनीला १ रुपया ४० पैसे. ज्याच्या फोनवरून कधीच कॉल जात नाही, नुसते येतात, असा ग्राहकही त्यामुळे कंपनीला परवडत होता. मुलगा पुण्यात, आईवडील गावी, आणि त्यांचा फोन म्हणजे मुलाच्या फोनची वाट पाहणारे यंत्र. अशी लाखो घरे या १४ पैशांवर उभी होती.

फोन नेमका कोणाच्या दारात न्यायचा, हे तेव्हा नंबरावरूनच कळे. ९८२०० दिसले की मुंबईतली एक कंपनी, ९८२२० दिसले की उरलेल्या महाराष्ट्रातली दुसरी. (मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण हे एक सर्कल, म्हणजे परवान्याचा एक विभाग; बाकीचा महाराष्ट्र आणि गोवा हे वेगळे.) २० जानेवारी २०११ रोजी नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय देशभर आली आणि नंबराच्या पहिल्या पाच आकड्यांवरचा भरवसा संपला. आता कॉल सोडण्याआधी ‘पोर्ट’ झालेल्या, म्हणजे कंपनी बदललेल्या, नंबरांची यादी तपासावी लागते. त्यातून मिळालेला रूटिंग नंबर (कॉल कोणत्या जाळ्याकडे न्यायचा ते सांगणारा) जोडला जातो आणि मगच कॉल योग्य जाळ्याकडे वळतो. टर्मिनेशन चार्ज होता तोवर पैसेही ग्राहकाने बदलून घेतलेल्या त्याच कंपनीला मिळत.

पैशांचा तोल खरा ढळला तो सप्टेंबर २०१६ नंतर. बोलणे पूर्ण मोफत देणारी एक नवी कंपनी आली. तिच्या ग्राहकांकडून बाहेर जाणारे कॉल आत येणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होते. म्हणजे ग्राहकाकडून शून्य घ्यायचे आणि प्रतिस्पर्ध्याला मिनिटाला १४ पैसे द्यायचे. जुन्या कंपन्यांनी दोन जाळी जोडणाऱ्या पुरेशा वाटा (पोर्ट) दिल्या नाहीत, म्हणून कॉल लागत नाहीत, अशी तिची तक्रार होती. जुन्यांचे म्हणणे असे, की फुकटच्या कॉलचा लोंढाच एवढा आहे की कोणतेही जाळे पुरे पडणार नाही.

वादाचा गाभा मात्र वेगळा होता: येणारा फोन पोचवायला खर्च किती येतो? डोंगरातल्या वाडीवर एक टॉवर आहे. जागेचे भाडे, डिझेल, बॅटऱ्या, रखवालदार, हा खर्च फोन आला तरी आणि नाही आला तरी होतो. फक्त त्या एका जादा कॉलमुळे वाढणारा खर्च धरला तर तो जवळपास काहीच नाही. अख्ख्या टॉवरचा वाटा धरला तर बराच. पहिली पद्धत नव्या कंपनीला सोयीची, दुसरी जुन्यांना. १९ सप्टेंबर २०१७ रोजी नियामकाने दर १४ वरून ६ पैशांवर आणला आणि १ जानेवारी २०२० पासून शून्य करायचे ठरवले. आधुनिक जाळ्यासाठी फक्त जादा कॉलचा खर्च धरण्याचा हा तर्क बरोबरच होता. पण वाडीवरचा टॉवर तेव्हा टूजी होता आणि त्याखालचा फोन बटणांचा. निर्णयात त्या फोनचा विचार फार कमी झाला, असे माझे ठाम मत आहे.

वर्षभरात परिणाम दिसला. २०१८ च्या अखेरीस जुन्या कंपन्यांनी २८ दिवसांना किमान ३५ रुपयांचे रिचार्ज सक्तीचे केले. नाही केले तर आधी आउटगोइंग बंद, मग इनकमिंगही. २००६ च्या सुमारास ९९९ रुपये भरून ‘लाइफटाइम’ (आयुष्यभर इनकमिंग चालू राहण्याची) योजना घेतलेल्यांनाही तोच मेसेज आला. खात्यात शिल्लक असलेल्यांची सेवा तडकाफडकी बंद करू नका, असे नियामकाने बजावले. रिचार्ज मात्र कायम राहिले.

मग भांडण रिंगवर आले. २०१९ मध्ये नव्या कंपनीने रिंग वाजण्याचा वेळ कमी केला. इतरांचा आरोप असा, की फोन उचलायच्या आत रिंग थांबते, घेणारा ‘मिस कॉल’ पाहून उलट फोन लावतो आणि पैशांची दिशा फिरते. नव्या कंपनीचे उत्तर असे, की जुन्यांचेच ग्राहक पैसे वाचवायला मिस कॉल देतात आणि आमचे ग्राहक उलट लावतात. मग जुन्या कंपन्यांनीही रिंग ४५ सेकंदांवरून २५ वर आणली. पदराला हात पुसत परसातून घरात येणाऱ्या म्हातारीला २५ सेकंद पुरत नाहीत. १ नोव्हेंबर २०१९ रोजी मोबाइलची रिंग ३० सेकंद आणि लँडलाइनची ६० सेकंद ठरवली गेली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नव्या कंपनीने इतर जाळ्यांवरच्या कॉलसाठी ग्राहकाकडून ६ पैसे घ्यायला सुरुवात केली होती. डिसेंबरमध्ये नियामकाने शून्य दराची तारीख वर्षभर पुढे ढकलली. अखेर १ जानेवारी २०२१ पासून देशातल्या देशात कोणी कोणाला काही देईनासे झाले. परदेशातून येणाऱ्या कॉलला मात्र मिनिटाला ३५ ते ६५ पैशांचा पट्टा लागू राहिला. म्हणूनच दुबईचा फोन कधी कधी भलत्याच भारतीय मोबाइल नंबरावरून येतो: मधले दलाल तो इंटरनेटवरून आणून सिम भरलेल्या पेटीतून स्थानिक कॉल म्हणून सोडतात आणि हा आकार चुकवतात.

इकडे किमान रिचार्ज वाढतच गेले आणि बहुतेकांत डेटा गळ्यात बांधलेला असे. डिसेंबर २०२४ मध्ये नियामकाने फक्त बोलणे आणि एसएमएस यांचे वेगळे पॅक देणे बंधनकारक केले आणि मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवायची परवानगी दिली. ज्यांचा फोन नुसता वाजण्यासाठी आहे, त्यांचे नाव न घेता का होईना, पण त्यांच्यासाठी झालेला बऱ्याच वर्षांतला हा पहिला नियम.