रजोनिवृत्ती आणि पुरुषांमधील संप्रेरक-घट

गरोदरपण, औषध किंवा दुसरा आजार हे कारण नसताना सलग 12 महिने पाळी आली नाही, की शेवटच्या पाळीला रजोनिवृत्ती म्हणतात. त्यामुळे हे निदान वर्ष उलटल्यावरच करता येते. भारतात पाळी साधारण 46-47व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत सुमारे 51व्या. चाळिशीच्या आत गेली तर ती अकाली समजावी आणि तपासणी करावीच. पाळी जाण्याआधीची काही वर्षे सर्वांत त्रासाची असतात. पाळी कधी वीस दिवसांत येते, कधी दोन महिने येतच नाही. या काळात गर्भ राहू शकतो. म्हणून पन्नाशीपूर्वी पाळी थांबली तर त्यानंतर दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष गर्भनिरोधक वापरावे लागते.

इस्ट्रोजेन हे स्त्रीचे संप्रेरक (हार्मोन) घटले की मेंदूतील तापमान-नियंत्रक हळवा होतो. शरीर किंचित तापले तरी तो घाम सोडायला लावतो. ‘अंगातून वाफा निघतात’ असे बायका म्हणतात ते हेच: मान-चेहरा तापतो, घामाघूम व्हायला होते आणि काही मिनिटांत थंडी वाजते. हा त्रास सरासरी सात वर्षे राहू शकतो, म्हणून ‘थोडे दिवस सोस’ हा घरातला सल्ला चुकीचा ठरतो.

मराठी घरात पाळीसाठी शब्द होते, पण आडवळणाचे: कावळा शिवला, बाजूला बसली. पाळी गेल्याची उघड दखल घेतली जाई ती ऋषिपंचमीच्या उद्यापनात. तीही विटाळाचे प्रायश्चित्त पुरे झाले म्हणून. शरीराला काय होते आहे, हे विचारायची जागा त्यात नव्हती. सर्वांत जास्त झाकले जाते ते योनीच्या कोरडेपणाचे दुखणे: संबंधाच्या वेळी आग, लघवीला जळजळ, वारंवार जंतुसंसर्ग. वाफा पुढे कमी होतात, हा त्रास मात्र उपचाराविना सहसा वाढतच जातो. कमी मात्रेचे इस्ट्रोजेन मलम किंवा योनीत ठेवायची गोळी बहुतेकींना पुरते. पाण्यावर आधारित वंगणही चालते. खोबरेल तेलाने लॅटेक्सचा निरोध फाटतो, हे लक्षात ठेवावे.

या मौनाची सर्वांत जबर किंमत बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर बायकांनी मोजली. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, फडावर संडास नाही, त्यातून अंगावर जाणे आणि पोटदुखी. त्यावर इलाज म्हणून तिशीतच ‘पिशवी काढून टाका’. 2019मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीला सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंडाशयही काढले तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि हाडांची झीज त्याच दिवसापासून वेग घेते. अंडाशय ठेवले तरी ती लवकर येऊ शकते. म्हणून शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला की नेमके काय काढणार, का आणि गोळ्या किंवा हार्मोनयुक्त तांबी चालेल का, हे विचारावे. उलट, पाळी थांबून वर्ष झाल्यावर कधीही रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी डॉक्टरकडे जायला थांबू नये. तो गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा असू शकतो.

घटलेले इस्ट्रोजेन औषधाने भरून काढणाऱ्या संप्रेरक उपचारांची भीती 2002च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासानंतर पसरली. पण त्यातील स्त्रियांचे सरासरी वय 63 होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षे झाली होती. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत उपचार सुरू केले, तर बहुतेक निरोगी स्त्रियांना धोक्यापेक्षा फायदा जास्त असतो. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक हवेच, नाहीतर अस्तर जाड होते. स्तनाचा कर्करोग किंवा रक्तगाठी झालेल्यांनी वेगळा मार्ग शोधावा. डॉक्टरकडे जाताना तीन महिन्यांची नोंद न्यावी: पाळीच्या तारखा, दिवसाला किती पॅड, वाफा किती वेळा, झोप किती वेळा मोडली.

पुरुषांबाबत ‘अँड्रोपॉज’ (पुरुषांची रजोनिवृत्ती) हा शब्द फसवा आहे. तिथे काही थांबत नाही. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाचे संप्रेरक चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्क्याने उतरते आणि खऱ्या कमतरतेचे रुग्ण थोडेच असतात. थकवा, चिडचिड, इच्छा मंदावणे यामागे बरेचदा मधुमेह, पोटाचा घेर, घोरण्यासह श्वास अडणे, दारू किंवा नैराश्य असते. रक्त सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी द्यावे आणि पातळी कमी आली तर आणखी एखाद्या दिवशी पुन्हा तपासावी. एका चाचणीवर टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन घेऊ नये; त्याने शुक्राणू बनणे थांबू शकते आणि रक्त दाट होऊ शकते. ‘मर्दानी ताकदी’च्या भिंतीवरच्या जाहिरातीकडे लाजेने वळणारा माणूस नेमकी हीच तपासणी चुकवतो. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असल्याने त्या आधी तुंबतात. म्हणून ताठरता कमी झाली तर रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल त्याच आठवड्यात तपासून घ्यावे.