नोटबुकवरच्या असाइनमेंटसाठी सामायिक देवाणघेवाण सेवा : पात्रता, कागदपत्रं आणि उभारणी

विदर्भात तालुक्याच्या गावी असलेल्या ज्या कॉलेजांत बी.एस्सी. किंवा बी.सी.ए.च्या मुलांना पायथन शिकवलं जातं, तिथल्या शिक्षकांसाठी ही माहिती लिहीत आहे. आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यात, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न. पूर्वी आम्ही असाइनमेंट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचो आणि मुलं ती पेन ड्राइव्हमध्ये आणून द्यायची. साठ मुलं, साठ फायली, त्यातल्या कितीतरींचं नाव नुसतंच ‘अनटायटल्ड’. कोणाची कोणती हे लावण्यात रविवार जायचा. ‘सर, मी तं दिली होती ना’ असं म्हणणाऱ्या पोराकडे दिल्याचा पुरावा नसायचा आणि माझ्याकडे न मिळाल्याचा. त्या पोराचं ऐकून मार्क द्यावेत तर बाकीच्यांवर अन्याय, न द्यावेत तर कदाचित त्याच्यावर. देवाणघेवाण सेवा उभी करायची ती या एका गोष्टीसाठी: कोणी, काय, केव्हा दिलं याची नोंद आपोआप राहावी आणि एकाचं काम दुसऱ्याला दिसू नये.

सेवा नेमकी काय करते

ज्युपिटर नोटबुक, म्हणजे ब्राउझरमध्ये कोड लिहून तिथेच चालवता येणारी फाइल, तुम्हाला माहीत असेलच. एकाच सर्व्हरवर अनेकांना लॉगिन देणारं ते ज्युपिटरहब, आणि असाइनमेंट तयार करून तपासणारं साधन म्हणजे एनबीग्रेडर. तिन्ही मुक्त परवान्याखाली आहेत, लायसन्सचा खर्च शून्य. एनबीग्रेडरचा व्यवहार चार पावलांचा: शिक्षक असाइनमेंट रिलीज करतो, विद्यार्थी ती फेच करतो, सोडवून सबमिट करतो, शिक्षक कलेक्ट करतो. मधली जी जागा, जिथे ठेवलं आणि जिथून उचललं जातं, ती म्हणजे एक्स्चेंज.

साध्या मांडणीत हे एक्स्चेंज म्हणजे सर्व्हरवरचं एक फोल्डर. प्रत्येक कोर्ससाठी त्यात मुख्य दोन कप्पे: बाहेर जाणाऱ्या कामाचा आणि आत येणाऱ्या कामाचा. आत येणाऱ्या कप्प्याच्या परवानग्या टपालपेटीसारख्या असतात. टाकता येतं, पण आत काय काय पडलंय ते विद्यार्थ्याला पाहता येत नाही. हे सगळं चालतं ते प्रत्येक मुलाचं सर्व्हरवर वेगळं खातं असल्यामुळे.

हब कुबरनेटीसच्या क्लस्टरवर, म्हणजे त्या प्रणालीने एकत्र बांधलेल्या अनेक मशीनवर, असेल तर मात्र घोडं इथेच अडतं. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र कंटेनर (इतरांपासून वेगळी, बंदिस्त कामाची जागा) मिळतो, त्याची साठवण वेगळी, आणि नेहमीच्या इमेजमध्ये (ज्या तयार साच्यावरून कंटेनर बनतो त्यात) प्रत्येक कंटेनरच्या आत वापरकर्ता एकच असतो, ‘जोव्हियन’, क्रमांक १०००. सर्व्हरच्या नजरेत साठही मुलं एकच व्यक्ती. मग टपालपेटीच्या परवानग्यांना अर्थच उरत नाही. यावरचा उपाय म्हणजे एनजीशेअर, लिब्रेटेक्स्ट्स या मुक्त पाठ्यपुस्तक प्रकल्पाकडे असलेली सेवा. ती सामायिक फोल्डरऐवजी नेटवर्कवरून काम घेते आणि देते, आणि समोर कोण आहे हे फायलीच्या मालकीवरून न ठरवता हबला विचारून ठरवते.

पात्रता : कोणता मार्ग कोणाला

यासाठी शासनाची किंवा विद्यापीठाची वेगळी मंजुरी आम्हाला लागली नाही. हे कॉलेजचं अंतर्गत काम आहे, प्राचार्यांच्या मान्यतेवर होतं. पण मान्यता मागण्याआधी विभागाने स्वतःला एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा: आपल्याला एनजीशेअर खरंच लागतं का?

एकच कॉलेज, एकच लॅब आणि शंभरापर्यंत मुलं असतील तर लागत नाही. अशा ठिकाणी ‘द लिटलेस्ट ज्युपिटरहब’ ही एका मशीनवरची मांडणी पुरते आणि साधं फोल्डर एक्स्चेंज छान चालतं. मेमरीचा हिशोब सोपा आहे: एका वेळी बसणारी मुलं गुणिले प्रत्येकाची मेमरी, वर १२८ एमबी. ४० मुलं आणि प्रत्येकी ५१२ एमबी धरली तर २० जीबीच्या थोडं वर. म्हणजे ३२ जीबीचं एक बरं मशीन, चांगला यूपीएस, आणि काम झालं. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा ४४ च्या पुढे जातो, तेव्हा मशीन खिडकीजवळ ठेवू नका एवढं जाता जाता सांगतो.

एनजीशेअर घ्यावं ते एकाच संस्थेची दोन-तीन कॉलेजं मिळून एक हब चालवत असतील, किंवा संस्थेने आधीच क्लाउडवर क्लस्टर घेतलं असेल तेव्हा. आणखी दोन अटी मी माझ्याकडून घालतो. क्लस्टर सांभाळणारा माणूस कोर्सच्या शिक्षकाहून वेगळा असावा, आणि त्याची बदली झाली तर काम उचलणारा दुसरा माणूस आधीच ठरलेला असावा. सी.एच.बी.वरच्या (तासिका तत्त्वावरच्या) एकाच सरांच्या भरवशावर सर्व्हर टाकला आणि पुढच्या सत्रात ते सर आलेच नाहीत, ही गोष्ट मी जवळून पाहिली आहे. मुलांचं अर्ध्या वर्षाचं काम पासवर्डमागे अडकलं होतं.

कागदपत्रं

विभागाच्या बैठकीचा ठराव, प्राचार्यांच्या नावे अर्ज, कोर्सचा विद्यापीठ अभ्यासक्रमातला कोड आणि शिकवणाऱ्या शिक्षकाच्या टाइमटेबलची प्रत. हे चार कागद एका दिवसात होतात. खरेदी असेल तर कोटेशनचं काम लेखा विभागाच्या नियमाने. अर्जात तीन नावं स्पष्ट लिहा: हबचा अ‍ॅडमिन, कोर्सचे इन्स्ट्रक्टर, आणि बॅकअप घेणारी व्यक्ती. एनजीशेअरमध्ये कोर्स तयार करण्याचा अधिकार अ‍ॅडमिनला असतो, असाइनमेंट टाकण्याचा आणि जमा करण्याचा इन्स्ट्रक्टरला. कागदावर ही नावं नसली की पुढे सगळेच अ‍ॅडमिन होऊन बसतात.

पाचवा कागद म्हणजे विद्यार्थ्यांना द्यायची सूचना आणि त्यांची संमती. यात घाई करू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार माहिती कशासाठी घेतोय हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला मिळाला पाहिजे. आपल्याकडे ती मराठीतच द्यावी. याच कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि तिच्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. बारावी करून थेट आलेली प्रथम वर्षाची बरीच मुलं सतरा वर्षांची असतात, हे लक्षात ठेवा.

एका मुलीचे वडील मोझरीच्या बाजाराहून परत जाताना सही करायला थांबले होते. कागद दोनदा वाचला आणि विचारलं, ‘यात आमच्या पोरीचा फोटो, मोबाइल नंबर तं नाही ना जात कुठं?’ मी दाखवलं: नाव, आयडी, तिने लिहिलेला कोड आणि मार्क, एवढंच. त्यांनी सही केली. त्या प्रश्नानंतर आम्ही फॉर्ममधला मोबाइलचा रकाना काढून टाकला. आधारची झेरॉक्सही मागू नका, या सेवेला तिची काही गरज नाही.

नामावली : इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

सर्व्हर एका दुपारी उभा राहतो. यादी नीट नसली तर सत्रभर त्रास होतो. हबवरचं लॉगिन नाव आणि एनबीग्रेडरच्या यादीतला विद्यार्थी आयडी अक्षरन् अक्षर एकच लागतो. आपल्याकडे नावाने आयडी करणं म्हणजे संकट ओढवून घेणं. आमच्या एका वर्गात तीन वानखडे होते. एकाचं आडनाव टी.सी.वर एका स्पेलिंगने, दहावीच्या मार्कशीटवर दुसऱ्या, आणि आधारवर तर वानखेडे. मुलगा एकच, पण कॉम्प्युटरला ती तीन माणसं.

म्हणून आयडी नावावर न नेता प्रवेश वर्ष, अभ्यासक्रम आणि रोल नंबर जोडून बनवा, आणि तो रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांतच ठेवा. ज्युपिटरहब लॉगिन नाव आपणहून छोट्या अक्षरांत बदलतं. यादीत मोठी अक्षरं ठेवली तर हब एक नाव सांगतं, यादीत दुसरं असतं, आणि मुलाला असाइनमेंट दिसतच नाही. हे शोधायला आम्हाला दोन दिवस लागले.

यादी कॉलेजच्या ऑफिसकडून नॉमिनल रोलवरूनच घ्या, वर्गात कागद फिरवून नको. सी.एस.व्ही. फायलीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) आयडी, नाव, आडनाव आणि ई-मेल असे रकाने करा. ई-मेल रिकामा राहिला तरी चालतो. एनजीशेअरच्या कोर्स व्यवस्थापनाच्या साधनाने ही फाइल एकदम चढवता येते. एनजीशेअरमध्ये जो यादीत नाही त्याला कोर्समध्ये प्रवेश नाही, तेव्हा उशिरा प्रवेश घेतलेल्यांची पुरवणी यादी ऑफिसकडून ठरलेल्या दिवशी मागून घ्या.

उभारणी

क्लस्टरवर एनजीशेअर हेल्मने, म्हणजे कुबरनेटीसवर सॉफ्टवेअर बसवायच्या साधनाने, बसवतात. त्याला कायमस्वरूपी साठवण जोडावी लागते, नाहीतर कंटेनर पुन्हा सुरू होताच सगळं जातं. हब आणि एनजीशेअर यांच्यात एक गुप्त टोकन, म्हणजे एकमेकांना ओळखायचा सांकेतिक शब्द, असतं. ते दोन्हीकडच्या कॉन्फिगरेशनमध्ये तंतोतंत एकच हवं. टोकन कागदावर, ई-मेलमध्ये किंवा ग्रुपवर लिहू नका. ज्युपिटरहबच्या दुसऱ्या आवृत्तीपासून आणखी एक गोष्ट लागते: साध्या वापरकर्त्यांना ही सेवा वापरण्याची परवानगी हबच्या भूमिकांमध्ये (रोल्स, म्हणजे कोणाला काय करता येईल याच्या नोंदीत) वेगळी द्यावी लागते. ती राहिली की अ‍ॅडमिनला सगळं चालतं आणि मुलांना काहीच चालत नाही, आणि आपण चूक भलतीकडेच शोधत बसतो.

मग विद्यार्थ्यांच्या नोटबुकच्या इमेजमध्ये एनबीग्रेडर आणि एनजीशेअरचा ग्राहक भाग टाका, आणि एक्स्चेंज म्हणून तोच वापरायचा असं कॉन्फिगरेशनमध्ये सांगा. असाइनमेंट बनवायची आणि तपासायची बटणं विद्यार्थ्यांच्या बाजूला बंद ठेवा.

वेळेबद्दल काळजी घ्या. नोंदी जागतिक वेळेत पडतात, आपल्याहून साडेपाच तास मागे. मुलीने पहाटे ५ वाजता दिलेलं काम आदल्या दिवशीच्या रात्री ११:३० चं दिसतं. आमच्याकडे एका मुलाला यामुळे भलताच फायदा झाला आणि तो दुरुस्त करताना मला वाईट वाटलं. टाइमझोन सुरुवातीलाच भारताचा करा. शेवटची तारीख एनबीग्रेडर नोंदवतं, पण उशिरा आलेलं काम आपणहून अडवत नाही. उशिराचे मार्क कापायचे की नाही हे तुम्हीच ठरवा. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी आणि लगोलग कापसाची वेचणी असते, आमची निम्मी मुलं घरी शेतात असतात. त्या काळात मी तारीख पंधरा दिवसांची ठेवतो आणि कोणाचे मार्क कापत नाही.

मुलांना पहिल्याच तासाला सांगायची गोष्ट: सबमिट करण्याआधी सेव्ह करा. नोटबुक आपोआप सेव्ह होतं ते साधारण दोन मिनिटांनी, आणि सबमिट होतं ते सेव्ह झालेलं रूप. लाइट जाण्याआधीच्या घाईत लिहिलेल्या चार ओळी यातच हरवतात. एकाच असाइनमेंटचं काम पुन्हा पुन्हा देता येतं, तपासायला शेवटचं घेतलं जातं. एकदा दिलं की संपलं अशी भीती त्यांना नको.

सेवा सुरू करण्याआधी दोन खोटी विद्यार्थी खाती करा. एका खात्याने काम द्या, दुसऱ्याने ते दिसतं का पाहा. दिसायला नको. मग इन्स्ट्रक्टरच्या खात्याने दोन्ही कामं जमा करून आपोआप तपासा. तपासताना विद्यार्थ्याचा कोड खरोखर चालवला जातो, म्हणून ते काम नेहमी वेगळ्या कंटेनरमध्ये करा, मार्कांची मूळ फाइल असलेल्या मशीनवर नको. ही चाचणी अ‍ॅडमिन आणि शिक्षक दोघांनी मिळून करावी आणि निकालाचा कागद दोघांच्या सह्यांनिशी ठरावाच्या फायलीत लावावा.