डब्यावरचा ‘सिंथेटिक’ आणि आतलं तेल

इंजिन ऑइलच्या डब्यावर वाचण्यासारखं बरंच असतं. ५डब्ल्यू-३० सारखा ग्रेड असतो, एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेची खूण असते, गाडी बनवणाऱ्या कंपन्यांच्या मंजुऱ्यांचे आकडे असतात. आत ज्याचं प्रमाण सगळ्यात जास्त, त्या बेस ऑइलबद्दल मात्र बहुतेक वेळा एकच शब्द मिळतो, ‘सिंथेटिक’. डब्यातल्या तेलाचा साधारण पाऊण ते नऊ दशांश भाग बेस ऑइलचा असतो आणि बाकीचे ऍडिटिव्ह, म्हणजे तेलाचे गुण वाढवणारी रसायनं. गिऱ्हाईक दुप्पट-तिप्पट पैसे मोजतं ते त्या एका शब्दाच्या भरवशावर. त्याचा अर्थ काय, यावर अमेरिकेत १९९९ साली एक निवाडा झाला आणि तेव्हा उडालेला भरवसा आजही पुरता परतलेला नाही. भांडण नेमकं कशावरून होतं हे कळायला त्याच्याही बरंच मागे जावं लागतं.

मोटारी नव्या होत्या तेव्हा तेलाची पत ठरायची ती ते कुठल्या विहिरीतून आलं यावर. पेनसिल्व्हेनियाच्या कच्च्या तेलात पॅराफिन वर्गातले रेणू जास्त. त्यामुळे इंजिन तापलं तरी त्यापासून बनवलेलं वंगण इतर तेलांइतकं पातळ होत नसे. टेक्सासच्या किनारपट्टीवरचं तेल उष्णतेत भराभर पातळ व्हायचं. १९२० आणि ३० च्या दशकांत ‘शंभर टक्के पेनसिल्व्हेनिया’ असं छापलेले डबे विकले जात आणि तिथल्या उत्पादकांच्या संघटनेचं बोधचिन्ह हीच शुद्धतेची हमी मानली जाई. १९२९ मध्ये डीन आणि डेव्हिस यांनी तापल्यावर तेल किती कमी पातळ होतं ते सांगणारं व्हिस्कॉसिटी इंडेक्स हे माप मांडलं, तेही याच दोन टोकांवर बेतून. पेनसिल्व्हेनियाच्या तेलाला त्यांनी १०० दिले आणि टेक्सासच्या, मेक्सिकोच्या आखातावरच्या किनारपट्टीतल्या तेलाला शून्य. आज प्रयोगशाळेत रोज मोजला जाणारा हा आकडा मुळात दोन प्रदेशांच्या तेलांची तुलना होती, हे मला फार बोलकं वाटतं.

ही प्रदेशाची मिरास फार काळ टिकली नाही. १९३० च्या दशकात सॉल्व्हंट रिफायनिंग आलं. फरफ्युरल किंवा फिनॉल वापरून तेलातले वाईट घटक धुऊन काढायचे, दुसऱ्या सॉल्व्हंटमध्ये थंड करून मेण गाळून घ्यायचं. मग कुठल्याही बऱ्या कच्च्या तेलातून ९५-१०० इंडेक्सचं बेस ऑइल मिळू लागलं. तेल कुठलं, यापेक्षा ते कसं शुद्ध केलं याला महत्त्व आलं. भरवशाची जागा अशी एकदा बदलली होती आणि पुढे ती आणखी दोनदा बदलणार होती.

तेल शुद्ध करण्याऐवजी ते घडवताच आलं तर, ही कल्पना त्याहून जुनी आहे. फ्रीडेल आणि क्राफ्ट्स यांनी १८७७ मध्येच हायड्रोकार्बन जोडून जड तेलं तयार केली होती. अमेरिकेत स्टँडर्ड ऑइल ऑफ इंडियानाने १९२९ च्या सुमारास ओलेफिन, म्हणजे सहज जोडले जाणारे हायड्रोकार्बन, जोडून वंगण बनवून पाहिलं, पण त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही. चालना दिली ती युद्धाने आणि विमानांनी. जर्मनीत हेर्मान झोर्न यांनी एस्टर वर्गातली, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनणारी, शेकडो संयुगं तपासली. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम झिस्मन यांनी १९४० च्या दशकात डायएस्टरवर काम केलं. जेट इंजिन आल्यावर खनिज तेलाचा निभाव लागेना. वरच्या हवेतल्या थंडीत ते गोठायचं आणि बेअरिंगच्या उष्णतेत जळायचं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी लष्कराने डायएस्टर तेलांसाठी वेगळा मानक दर्जाच काढला. सिंथेटिक तेलाची पहिली कीर्ती अशी आकाशात कमावलेली आहे आणि मोटारींना ती पुढे आयतीच मिळाली.

१९७१ मध्ये फ्रान्सच्या मोटुलने एस्टरवर आधारलेलं ३००व्ही आणलं. १९७२ मध्ये अमेरिकेत अल अमाटुझिओ या लढाऊ वैमानिकाच्या ऍम्सऑइलने एपीआयच्या कसोट्यांना उतरलेलं सिंथेटिक तेल बाजारात आणलं आणि ते २५,००० मैल बदलायला नको असा दावा केला. जेटच्या इंजिनात जे टिकतं ते मोटारीत का टिकू नये, एवढा सरळ त्यांचा युक्तिवाद होता. त्यानंतर दोनच वर्षांत मोबिल १ आलं. इंधन टंचाईचे ते दिवस, त्यामुळे कमी घर्षण म्हणजे कमी पेट्रोल हे लोकांना पटकन भावलं.

मोबिल १ चा कणा होता पॉलीअल्फाओलेफिन, म्हणजे पीएओ. इथिलीन वायूचे रेणू जोडून दहा कार्बनांचं डिसीन करायचं, त्याचे तीन-चार रेणू एकमेकांना जोडायचे आणि शेवटी हायड्रोजन देऊन ते स्थिर करायचे. खनिज तेलात हजारो तऱ्हेचे रेणू असतात. साखळ्या, कडी, मेण, गंधक सगळं एकत्र. पीएओमध्ये ठरवून घडवलेले मोजकेच रेणू. मेण नसल्याने उणे ६० अंशांच्या आसपासही ते वाहतं. शुद्धतेची किंमतही द्यावी लागते. पीएओमध्ये ऍडिटिव्ह नीट विरघळत नाहीत आणि रबरी सील आकसतात, म्हणून त्यात थोडं एस्टर मिसळावं लागतं. सुरुवातीच्या काळात सिंथेटिक तेल गळतं अशी जी ओरड झाली, तिचं एक कारण हेच. ती भीती नंतर तीस-तीस वर्षं मेकॅनिक लोकांच्या बोलण्यात राहिली. तेलाच्या बाबतीत भीती पसरायला फार काही लागत नाही, कारण आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नसतं.

त्याच काळात शुद्धीकरण कारखान्यांत दुसरीच वाट तयार होत होती. वाईट घटक धुऊन टाकण्याऐवजी त्यांचं रूपच बदलायचं. प्रचंड दाब, चारशे अंशांच्या जवळपासची उष्णता, उत्प्रेरक आणि हायड्रोजन. याला हायड्रोक्रॅकिंग म्हणतात. यात कडीसारखे रेणू फुटून उघडतात, गंधक आणि नायट्रोजन निघून जातात. पुढच्या टप्प्यात मेणाच्या सरळ साखळ्यांना फांद्या फुटतात आणि गोठणारं मेण वाहतं तेल होतं. शेलने युरोपात मेणापासून एक्सएचव्हीआय नावाचं असं बेस ऑइल बरीच वर्षं बनवलं. शेव्हरॉनने १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिचमंड इथे आयसोडीवॅक्सिंग, म्हणजे मेणाला अशा फांद्या फोडण्याची प्रक्रिया, सुरू केलं आणि मग ही पद्धत जगभर पसरली. कच्च्या तेलातूनच निघालेलं हे तेल बऱ्याच चाचण्यांत पीएओच्या पंक्तीला बसू लागलं, आणि खर्च बराच कमी.

याच सुमारास एपीआयने बेस ऑइलचे पाच गट पाडले. ग्रुप १ मध्ये संपृक्त, म्हणजे हायड्रोजनने पूर्ण भरलेले, रेणू ९० टक्क्यांहून कमी किंवा गंधक ०.०३ टक्क्यांहून जास्त. ग्रुप २ मध्ये संपृक्त रेणू किमान ९० टक्के आणि गंधक ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. ग्रुप ३ या दोन्ही अटी पाळतोच, शिवाय त्याचा व्हिस्कॉसिटी इंडेक्स १२० किंवा त्याहून वर असतो. ग्रुप ४ म्हणजे पीएओ. उरलेलं सगळं, एस्टर धरून, ग्रुप ५ मध्ये. कंपनीने एका पुरवठादाराचं बेस ऑइल सोडून दुसऱ्याचं घेतलं तर इंजिनाच्या कोणत्या महागड्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतील, हे ठरवण्यासाठी ही विभागणी होती. गिऱ्हाइकाने तिची पाच पायऱ्यांची शिडी केली, वरचा आकडा म्हणजे वरचा दर्जा. ग्रुप ५ मध्ये उत्तम एस्टर बसतं आणि कडीसारख्या रेणूंचं साधं नॅफ्थेनिक खनिज तेलही बसतं, एवढ्यावरून ही शिडी कोसळते. पण दोष गिऱ्हाइकाचा नाही. डब्यावर दुसरी काही माहितीच नसेल तर माणूस हाती लागेल ती मोजपट्टी वापरणारच.

१९९७ च्या अखेरीला कॅस्ट्रॉलने अमेरिकेतल्या आपल्या सिंटेक तेलातलं पीएओ काढून हायड्रोप्रोसेस केलेलं, ग्रुप ३ मधलं बेस ऑइल घातलं. नाव तेच, ‘सिंथेटिक’ हा शब्दही तोच. मोबिलने बाजारातले नमुने तपासले आणि नॅशनल ऍडव्हर्टायझिंग डिव्हिजनकडे तक्रार केली. हे न्यायालय नव्हे. जाहिरात व्यवसायाने स्वतःच्या शिस्तीसाठी उभी केलेली ती व्यवस्था आहे आणि दोन्ही कंपन्या तिथे आपापले शास्त्रज्ञ घेऊन आल्या.

मोबिलचं म्हणणं असं की सिंथेटिक म्हणजे लहान रेणू जोडून घडवलेलं. कच्चं तेल कितीही स्वच्छ केलं तरी ते खनिज तेलच राहतं. गिऱ्हाइकाला हा फरक माहीत आहे आणि तो त्यासाठीच पैसे देतो. कॅस्ट्रॉलचं उत्तर असं की हायड्रोक्रॅकिंग आणि आयसोमरायझेशनमध्ये (साखळ्यांना फांद्या फुटण्यात) रेणू इतके बदलतात की निघालेला पदार्थ कच्च्या तेलात आधी नव्हताच. ही रासायनिक घडणच आहे. शिवाय शेल असं तेल युरोपात वर्षानुवर्षं सिंथेटिक म्हणून विकत होतं. त्यांच्या हातात आणखी एक भक्कम मुद्दा होता. मोटार अभियंत्यांची संस्था एसएई आणि एपीआय या दोघांनीही १९९० च्या दशकाच्या मध्यात आपापल्या दस्तऐवजांतून सिंथेटिक बेस ऑइलची जुनी व्याख्या काढून टाकली होती. म्हणजे ज्या मोजपट्टीवर मोजायचं, ती मोजपट्टीच जाग्यावर नव्हती.

१९९९ मध्ये निकाल लागला. सिंटेकला सिंथेटिक म्हणायला कॅस्ट्रॉलने दिलेला पुरावा वाजवी आधार ठरतो, असं त्या संस्थेने म्हटलं. त्यानंतर अमेरिकेत ‘सिंथेटिक’ हा रसायनशास्त्राचा शब्द न राहता बाजाराचा शब्द झाला. पुढच्या काही वर्षांत बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या सिंथेटिक तेलांत ग्रुप ३ आलं. ज्यांनी विरोध केला होता त्यांनाही स्पर्धेत तीच वाट धरावी लागली. ‘सिंथेटिक ब्लेंड’ या शब्दांना तर तिथे किमान टक्केवारीचं बंधनच नाही.

मला विचाराल तर रसायनाच्या अंगाने तो निकाल चुकीचा म्हणता येत नाही. चांगलं ग्रुप ३ खरोखर चांगलं असतं. नेहमीच्या वापरात, ठरलेल्या मुदतीत तेल बदलणाऱ्याच्या इंजिनाला त्यातला आणि पीएओतला फरक कळणारही नाही. हाडं गोठवणारी थंडी, टर्बोचा ताप आणि फार लांबवलेली मुदत, या ठिकाणी पीएओ आणि एस्टर पुढे जातात. तरीही गिऱ्हाइकाची तक्रार खरी आहे, आणि ती घटक बदलण्याबद्दल नाहीच. आतलं तेल बदललं आणि त्याला कुणी सांगितलं नाही, ही ती तक्रार. स्वस्त घटक वापरला तर किंमत उतरवा, किंवा निदान डब्यावर लिहा, एवढी ती मागणी होती. तिला उत्तर मिळालं नाही, म्हणून संशय उरला.

जर्मनीत बाजाराने निराळी रीत धरली. तिथे ‘पूर्ण सिंथेटिक’ हे शब्द पीएओ आणि एस्टरसाठी राखले जातात आणि हायड्रोक्रॅक केलेल्या तेलावर सहसा ‘एचसी सिंथेसे’ असं लिहिलेलं असतं. त्यामुळे एकाच कंपनीचं तेल एका देशात एका नावाने आणि दुसऱ्या देशात दुसऱ्या नावाने विकलं जाऊ शकतं.

मग वायूपासून बनलेलं तेल आलं आणि जुनी व्याख्या पुन्हा अडखळली. १९२० च्या दशकात फिशर आणि ट्रॉप्श यांनी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनपासून हायड्रोकार्बन बनवण्याची प्रक्रिया शोधली होती. कतारमधल्या रास लफान इथे २०११ साली सुरू झालेला पर्ल प्रकल्प त्याच तत्त्वावर नैसर्गिक वायूपासून मेण आणि मेणापासून बेस ऑइल बनवतो. एका कार्बनाच्या मिथेनपासून बांधत नेलेलं तेल, म्हणजे मोबिलच्या १९९९ मधल्या व्याख्येने अस्सल सिंथेटिक. एपीआयच्या गटांत मात्र ते ग्रुप ३ मध्येच बसतं. ‘ग्रुप ३ म्हणजे नकली’ असं ठाम मानणाऱ्याने या तेलाचं काय करायचं?

जाणकार गिऱ्हाईक आता शब्द सोडून आकड्यांकडे वळलं आहे. नोआक चाचणीत तेल २५० अंशांवर एक तास ठेवून किती उडालं ते मोजतात. आयएलसॅक या वंगणांचे दर्जे ठरवणाऱ्या समितीच्या दर्जात कमाल मर्यादा १५ टक्के, मर्सिडीझच्या २२९.५ मंजुरीत १०. ग्रुप १ च्या हलक्या तेलातलं पाव भागाच्या आसपास उडून जातं, म्हणजे त्यावर ही मंजुरी मिळणं अशक्यच. मंजुरी बेस ऑइलचं नाव घेत नाही, पण हलकी प्रत अशी आपोआप गाळली जाते. थंडीतला क्रँकिंगचा आकडा, १५० अंशांवरचा घट्टपणा, ऑक्सिडेशनची चाचणी, हे सगळे मिळून इंजिनासाठी तेल कसं वागेल ते सांगतात. बनवलं कशापासून, हे सांगायला ते बांधील नाहीत. आणि मंजुरी ही किमान पातळी असते. ती जेमतेम गाठणारं आणि बरंच ओलांडणारं, दोन्ही तेलांवर खूण एकच.

काही जण त्यापुढे जाऊन सुरक्षा माहितीपत्रकं वाचतात. त्यांत घटकांचे कॅस क्रमांक, म्हणजे रसायनांचे ओळख क्रमांक, असतात. ६८०३७-०१-४ दिसला की पीएओ, ८४८३०१-६९-९ दिसला की वायूपासूनचं तेल. पण ही पत्रकं कामगारांच्या सुरक्षेसाठी लिहिलेली असतात. धोकादायक नसलेला घटक त्यांत नसला तरी चालतो आणि प्रमाण दिलंच तर मोठ्या पट्ट्यात देतात, कधी कधी अर्ध्यापासून जवळपास पूर्णापर्यंत. सगळ्यात जास्त आढळणारा ६४७४२-५४-७ हा क्रमांक तर हायड्रोजन दिलेल्या जड पॅराफिनी तेलांचा आहे आणि त्यात ग्रुप २ बसतं तसंच ग्रुप ३ ही.