हिरड्या खाली गेल्यात? ऑपरेशन नेमकं काय करतं

दात लांब दिसायला लागलेत, गार पाणी पिताना सुळ्याजवळ कळ जाते, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. दात काही लांब होत नसतात, हिरडी मागे सरकते आणि मूळ उघडं पडतं. मुळावर इनॅमल नसतं, सिमेंटमचा पातळसा थर असतो, तो ब्रश घासून घासून लवकर झिजतो आणि खालचा डेंटीन नावाचा दाताचा थर उघडा पडला की कळ सुरू. आणि सरकलेली हिरडी कुठल्याही तेलाने, मंजनाने परत जागेवर येत नाही, त्यात कृपया पैसे घालवू नका.

उघडं पडलेलं मूळ परत झाकायचं तर ऑपरेशन लागतं, पण ते सगळ्यांना सारखं लागू पडत नाही, त्याचं कारण रक्तपुरवठा. उघड्या मुळाला स्वतःचं रक्त नसतं, म्हणजे त्याच्यावर हिरडीचा किंवा दुसरीकडून घेतलेला जो काही तुकडा लावाल तो आजूबाजूच्या हिरडीवरच जगायला हवा. पहिले दोन-तीन दिवस तो नुसता शेजारून झिरपणाऱ्या द्रवावर तग धरतो, मग हळूहळू त्यात बारीक रक्तवाहिन्या शिरतात. त्या दिवसांत तुकडा जरा जरी हलला तरी खेळ संपला, म्हणूनच डॉक्टर बजावतात की ओठ ओढून टाके बघायचे नाहीत.

दोन दातांच्या मधली हिरडी आणि हाड शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकलं जायची शक्यता चांगली असते, तिथेच झीज झाली असेल तर कमी. 2011 साली कैरो या हिरड्यांच्या तज्ज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी याच मुद्द्यावर आरटी1, आरटी2, आरटी3 असे प्रकार पाडले, आरटी1 म्हणजे मधली झीज नाही, आरटी3 म्हणजे सगळ्यात जास्त. आपला प्रकार कुठला हे डॉक्टरांना आधी विचारा, ऑपरेशनचं नाव नंतर.

आता पद्धती. सगळ्यात साधी म्हणजे त्याच दाताची हिरडी सोडवून उघड्या मुळावर ओढून टाके घालणं, याला फ्लॅप म्हणतात. हिरडी पातळ असेल तर त्याखाली तोंडातल्या टाळूच्या आतल्या थराचा तुकडा सरकवतात, हा कनेक्टिव्ह टिश्यू ग्राफ्ट, 1985 मध्ये लँगर या दंततज्ज्ञांनी मांडला आणि मूळ झाकण्यासाठी आजही बहुतेक तज्ज्ञ यालाच पहिली पसंती देतात. तुकडा साधारण एक ते दीड मिलिमीटर जाड असतो, उपदाढांच्या आतल्या बाजूने घेतात आणि टाळूतली मोठी रक्तवाहिनी चुकवावी लागते, हात बसलेला लागतो तो इथे. पेशंटला नंतर जास्त त्रास होतो तो बहुतेकदा टाळूचाच.

खालच्या पुढच्या दातांना घट्ट हिरडीच उरली नसेल तर टाळूची वरची त्वचाही घेऊन फ्री ग्राफ्ट लावतात. मजबुती छान येते, पण रंग फिकट राहतो, ठिगळ लावल्यासारखं दिसतं, म्हणून हसताना दिसणाऱ्या जागी तो टाळतात. टनेल आणि पिनहोल पद्धतीत मोठी चीर नसते, बारीक छिद्रातून हिरडी सैल करून सरकवतात.

टाळू कापायचा नसेल तर डुकरापासून बनवलेलं कोलाजेन किंवा मानवी त्वचेपासून केलेलं मटेरियल मिळतं. हे कशापासून बनलंय ते आधी विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, अनेकांना ते चालत नाही. तुमचंच रक्त फिरवून केलेलं पीआरएफसुद्धा वापरतात, जखम भरायला त्याची मदत होते, पण ते टाळूच्या ग्राफ्टइतकंच चांगलं असं कुणी ठासून सांगितलं तर मी तरी दुसरं मत घेईन.

आणि कारण तसंच ठेवून ऑपरेशन करण्यात काही अर्थ नाही. आडवं घासणं, किटण, वाकडे दात, तंबाखू, आणि आपल्याकडे आजही काही बायका लावतात ती मिश्री! हिरडीतून रक्त किंवा पू येत असेल तर आधी सफाई, सूज उतरली की मग पुढचं. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये ग्राफ्टचा रिझल्ट कमी येतो हेही खरंच आहे. कळ नाही, हिरडी वर्षानुवर्षं तिथेच आहे, साफ करताना अडचण नाही, तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं.

ऑपरेशननंतर साधारण दोन आठवडे तिथे ब्रश नाही, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्या, टाके दहा-चौदा दिवसांनी निघतात. सुरुवातीला ग्राफ्ट सुजलेला, पांढरट, भलताच दिसतो आणि लोक घाबरतात. खरा आकार यायला काही महिने लागतात, कधीकधी त्यानंतरही हिरडी स्वतःहून थोडी सरकून मुळाचा आणखी भाग झाकते, तेव्हा झालं की नाही हे सहा महिन्यांनी मोजून घ्या, पहिल्या आठवड्यात आरशात बघून नाही.