उतारासाठी दात

श्टुटगार्टच्या मारीएनप्लात्झ चौकात दर १५ मिनिटांनी एक पिवळी गाडी येऊन उभी राहते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती साधी ट्रामच वाटली. मग दोन गोष्टींकडे लक्ष गेलं. गाडीच्या पुढे एक उघडा ठेला जोडलेला होता आणि लोक आपापल्या सायकली उचलून त्यावर लावत होते. दुसरी गोष्ट रुळांच्या मधोमध होती. तिथे लोखंडाची एक शिडी आडवी पसरलेली होती, पायऱ्या वंगणाने काळ्याभोर झालेल्या. ती शिडी चौकातून निघून समोरच्या टेकडीवर चढत गेलेली दिसत होती.

ही श्टुटगार्टची दातेरी रेल्वे. कागदोपत्री लाइन क्रमांक १०, पण गावात तिला सगळे ‘त्साके’ म्हणतात. त्साके म्हणजे टोक किंवा दाता. लांबी जेमतेम २.२ किलोमीटर, प्रवास १० मिनिटांचा, आणि तेवढ्यात गाडी २०५ मीटर उंची चढते. जर्मनीत आज चार दातेरी रेल्वे चालतात. त्यातल्या तीन पर्यटकांना डोंगर दाखवायला नेतात. त्साके मात्र शाळेत जाणारी मुलं, बाजार करून परतणारी माणसं आणि ऑफिसवाले यांना घेऊन जाते, तेही शहरातल्या नेहमीच्या तिकिटावर. मला तिचं सगळ्यात जास्त अप्रूप याचंच आहे.

अशी गाडी इथे का लागली, हे शहराकडे पाहिलं की कळतं. श्टुटगार्ट वसलंय एका कढईत. स्थानिक लोकही या खोलगट भागाला ‘केसेल’ म्हणजे हंडा किंवा कढई असंच म्हणतात. चहूबाजूंनी टेकड्या, उतारांवर द्राक्षमळे, आणि त्या मळ्यांत जायला पूर्वी बांधलेले दगडी जिने. असे ४०० हून अधिक जिने शहरात आजही आहेत. दक्षिणेच्या टेकडीवर डेगेरलोख, आणि त्याच्या मागे फिल्डर नावाचं सपाट, सुपीक पठार. टोकदार कोबीसाठी ते जर्मनीभर प्रसिद्ध आहे. पठारावरचा माल खाली आणायचा आणि माणसांनी वर जायचं तर एकोणिसाव्या शतकात घोडागाडी किंवा पाय, एवढेच पर्याय होते.

शेजारच्या एसलिंगेन गावात इंजिनांचा मोठा कारखाना होता. त्याचे प्रमुख एमिल केसलर यांनी ही रेल्वे मनावर घेतली आणि २३ ऑगस्ट १८८४ रोजी वाफेची पहिली गाडी डेगेरलोखला पोचली. चारच वर्षांनी डेगेरलोखपासून पुढे पठारावरची रेल्वेही सुरू झाली.

आता मुळातला प्रश्न. रेल्वेला दात लागतातच कशाला?

लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार कमी शक्तीत पळतं, कारण दोन्ही कडक आणि गुळगुळीत असतात. सपाटीवर जो गुण, तोच चढावर दोष ठरतो. कोरड्या रुळावर चाकाची पकड साधारण ०.३ धरतात, म्हणजे चाकावर १०० किलो भार असेल तर घसरण्याआधी ते ३० किलोचा जोर लावू शकतं. रूळ ओला झाला की हाच आकडा ०.१ ते ०.१५ वर येतो. शरद ऋतूत पानं पडून रुळावर त्यांचा चिकट थर बसला की आणखी खाली जातो. त्साकेचा सगळ्यात तीव्र चढ १७.८ टक्के आहे, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की १७.८ मीटर वर. तिथे गाडी नुसती उभी राहायला सुद्धा ०.१७८ इतकी पकड हवी, आणि तीही सगळ्या चाकांवर. पावसाची एक सर आली की हिशेब तुटला.

तुलना करायची तर आपला बोरघाट घ्या. मुंबई–पुणे मार्गावर कर्जतहून निघालेली गाडी ३७ मीटरला एक मीटर चढते, आणि त्यासाठी मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात. माथेरानची छोटी गाडी २० ला १ चढते, तीही दातांशिवाय, नागमोडी वळणं घेत. त्साकेचा चढ आहे साडेपाचला १. एवढ्या चढाला पकडीवर विसंबणं शक्य नाही.

उपाय शोधला निकोलाउस रिगेनबाख यांनी. ते फ्रान्समधल्या अल्सास प्रांतात जन्मले आणि स्वित्झर्लंडमध्ये इंजिनिअर म्हणून वाढले. दातेरी रुळाची कल्पना नवी नव्हती. इंग्लंडच्या मिडलटन कोळसा रेल्वेवर १८१२ मध्येच रुळाच्या कडेला दाते बसवले होते, आणि अमेरिकेत माउंट वॉशिंग्टनवर १८६९ मध्ये दातेरी गाडी शिखरापर्यंत गेली होती. रिगेनबाख यांनी १८६३ मध्ये पेटंट घेतलं आणि १८७१ मध्ये रिगी डोंगरावर युरोपातली पहिली दातेरी डोंगरी रेल्वे चालवून दाखवली. त्यांची रचना अगदी शिडीसारखी. दोन उभ्या लोखंडी पट्ट्या, मध्ये आडव्या पायऱ्या. पायरीचा छेद समलंब चौकोनी, म्हणजे वरच्या बाजूला निमुळता, त्यामुळे दातेरी चाकाचा दात अलगद आत उतरतो आणि अलगद बाहेर पडतो. श्टुटगार्टला याच पद्धतीची शिडी घातली.

हेच रिगेनबाख १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडे निलगिरीतही येऊन गेले. उटीच्या रेल्वेसाठी त्यांनी आराखडा आणि खर्चाचा अंदाज दिला होता. ती योजना रखडली, आणि पुढे १८९९ मध्ये कुन्नूरपर्यंत जी गाडी सुरू झाली तिच्यात रोमान आब्ट यांची पद्धत आली. तिच्यात शिडीऐवजी दात काढलेल्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी असतात. भारतातली दातेरी रेल्वे ही एवढी एकच.

दात पाहिले की सगळ्यांना वाटतं, हे चढण्यासाठी. मलाही तसंच वाटायचं. त्साकेच्या वेगाचे आकडे पाहिले तेव्हा विचार फिरला. गाडी चढताना ताशी ३० किलोमीटर जाते आणि उतरताना फक्त २१. उतारावर कमी वेग!

याचं कारण ऊर्जेत आहे. समजा डबा माणसांसकट ३० टनांचा आहे. २०५ मीटर उंचीवर तो सुमारे ६ कोटी ज्यूल ऊर्जा साठवून उभा असतो. खाली येताना ती सगळी कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत १८० लिटर गार पाणी उकळीला येईल, आणि ब्रेकला हे काम १० मिनिटांत करायचं असतं. ब्रेक अजिबात नसते आणि घर्षणही नसतं, तर तळाशी पोचताना गाडीचा वेग ताशी २२५ किलोमीटरच्या वर गेला असता. चढताना इंजिन कमी पडलं तर फार तर गाडी थांबेल. उतरताना ब्रेक कमी पडला तर सावरायला दुसरी संधी मिळत नाही. म्हणून दातेरी गाडीवर एकमेकांवर अवलंबून नसलेले अनेक ब्रेक ठेवतात, आणि उताराचा वेग ठरवताना आधी ब्रेकचा विचार करतात.

आपल्याकडे घाटात ड्रायव्हर नवख्याला पहिला धडा देतो तो हाच: ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. नुसत्या ब्रेकवर उतरलास तर लायनर तापतील. रिगेनबाख यांनी वाफेच्या इंजिनात नेमकं हेच साधलं. उतारावर वाफ बंद करायची, चाकांनीच इंजिनाचे दट्टे ओढायचे, आणि सिलिंडरमध्ये वाफेऐवजी बाहेरची हवा दाबली जाऊ द्यायची. इंजिन पंप झालं. दाबलेली हवा दट्ट्याला विरोध करते आणि गाडी संथ उतरते. सिलिंडर तापू नये म्हणून त्यात थोडं पाणी सोडायचं. ब्रेकचे ठोकळे झिजत नाहीत की जळत नाहीत. १९०२ पासून त्साके विजेवर आली. विजेच्या गाडीत हे काम मोटर करते, उतारावर ती जनित्र होऊन चाकाला आवरते.

शिडीच्या पायऱ्यांबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. गाडी वर जाताना चाकाचा दात पायरीला खाली ढकलतो, म्हणजे पायरीची डोंगराकडची कड दाबली जाते. गाडी खाली येताना? तेव्हाही तीच कड. वजन कायम उताराकडेच झुकलेलं असतं आणि पायरी त्याला कायम वरच रेटत असते. चढणं आणि उतरणं या दोन उलट क्रिया वाटतात, पण लोखंडाच्या दृष्टीने भार एकाच बाजूने येतो. त्यामुळे झीजही मुख्यतः त्याच बाजूला.

याच झुकलेल्या स्पर्शातून धोकाही निघतो. दाताची बाजू तिरकी असल्याने पायरी चाकाला नुसतं वर रेटत नाही, थोडं उचलतेही. चढ जितका तीव्र आणि ब्रेक जितका जोराचा, तितका उचलण्याचा जोर मोठा. फार झालं तर चाक शिडीवरून निसटू शकतं. स्वित्झर्लंडमधल्या पिलाटुस डोंगरावर चढ ४८ टक्के आहे. तिथे एडुआर्ड लोखर यांनी १८८९ मध्ये दोन दातेरी चाकं आडवी बसवली. पट्टीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यासारखी, म्हणजे उचललं जाण्याचा प्रश्नच मिटला. श्टुटगार्टच्या १७.८ टक्क्यांना रिगेनबाख यांची शिडी पुरते.

सायकलींचा ठेला कायम गाडीच्या डोंगराकडच्या बाजूला का असतो, याचं उत्तरही उतारातच आहे. गाडी त्याला वर ढकलत नेते. जोडणी तुटलीच तरी ठेला गाडीवर येऊन टेकेल, एकटा खाली सुटणार नाही. रिगीवर वाफेच्या काळात प्रवाशांचा डबा इंजिनाच्या वरच्या अंगाला ठेवत, तो याच विचाराने.

हा ठेला १९८३ पासून आहे. त्याच्या आदल्या वर्षी गाडीला नवे डबे मिळाले होते, आणि ते जवळजवळ ४० वर्षं चालले. आता २०२२ पासून श्टाडलर कंपनीच्या नव्या गाड्या धावतात, आणि ठेलाही नवा आहे. सायकलवाल्याचा फायदा मोजून बघितला. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो धरले, तर २०५ मीटर चढायला शरीराला साधारण पावणेदोनशे कॅलरी लागतात. दोन पोळ्यांइतक्या! तेवढंच वजन वर न्यायला विजेचं निव्वळ काम मात्र एका युनिटचा विसावा भाग. वर पोचलेली कितीतरी तरुण मुलं हेल्मेट बांधून जंगलातल्या वाटेने सायकलवर खाली येतात आणि पुन्हा ठेल्याशी हजर होतात.

शहरात दातेरी गाडी वापरणारं श्टुटगार्ट एकटं नाही. बुडापेस्टची गाडी १८७४ पासून बुडाच्या टेकड्यांवर चढते आहे आणि आज ती ट्रामच्या ६० क्रमांकाने ओळखली जाते. फ्रान्सच्या ल्यों शहरात तर मेट्रोच्या सी लाइनलाच दात आहेत. पण बोगदे, बस आणि मोटारी आल्यावर अशा कितीतरी रेल्वे उखडल्या गेल्या. श्टुटगार्टशी मुंबईचं १९६८ पासून भगिनी शहराचं नातं आहे, आणि कामानिमित्त तिथे जाणारी मराठी माणसं पुष्कळ. त्यांनी एक संध्याकाळ या गाडीसाठी काढावी असं मनापासून वाटतं.

चढताना शक्यतो पुढे उभं राहा. अर्ध्या वाटेवर वीलान्ड्सह्योहे नावाचा थांबा लागतो. एकेरी मार्ग इथे दुहेरी होतो, कारण दोन गाड्या एकमेकींना ओलांडू शकतील अशी जागा मध्ये हीच. सांध्यावर रुळांसोबत शिडीचा तुकडाही सरकवावा लागतो, नाहीतर चाकाला पुढचा दात मिळणार नाही. वरून येणारी गाडी आधी दिसते, मग तिच्या दातांचा एकसुरी घरघराट ऐकू येतो. ती शेजारी येऊन थांबते. दारं उघडतात, कुणी उतरतं, कुणी चढतं. मग आपली गाडी ३० च्या वेगाने वर निघते आणि ती २१ च्या वेगाने खाली, कढईच्या तळाकडे.