कॅनडात आरव्ही महाग? आधी कुठलं ‘महाग’ ते ठरवा

बर्फ वितळायला लागला की भाच्याचा स्क्रीनशॉट येतो. डावीकडे अमेरिकेतल्या डीलरची आरव्हीची, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीची किंवा ट्रेलरची, जाहिरात, उजवीकडे ऑन्टारिओतल्या. ट्रेलर तोच, लांबी तीच. डावीकडे ४०,०००, उजवीकडे ५७,०००, आणि खाली ठरलेली ओळ: ‘मामा, लुटतायत आपल्याला इकडे.’ दरवर्षी मी तेच उत्तर टाइप करतो. यंदा एकदाच नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वर्षी नुसतं पाठवून देता येईल.

घोळाचं मूळ नावात आहे. दोन्ही देशांच्या चलनाला डॉलर म्हणतात, चिन्हही एकच. भारतातल्या वस्तूची किंमत रुपयांत दिसली की आपण न सांगता भागाकार करतो. इथे मात्र दोन्ही आकड्यांपुढे एकच चिन्ह दिसतं आणि आपल्या डोक्यातलं यंत्र झोपी जातं. विनिमय दर म्हणजे काय, हे परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला शिकवायची गरज नाही, त्यामुळे हिशेब करून पुढे जाऊ. एक अमेरिकन डॉलर म्हणजे १.३७ कॅनेडियन धरला, तर ४०,००० चे ५४,८०० होतात. सतरा हजारांची ‘लूट’ बावीसशेवर आली. त्या बावीसशेंचं काय होतं ते पुढे येईलच.

आता खरी अडचण. एवढा हिशेब जमलेले काही हुशार लोक लगेच दुसऱ्या टोकाला जातात. म्हणतात, ‘म्हणजे कॅनडात आरव्ही महाग नाहीच, नुसता चलनाचा खेळ आहे.’ मला पहिल्या चुकीपेक्षा या चुकीचा जास्त राग येतो, कारण ती शहाणपणाचा आव आणून केलेली असते.

‘महाग’ या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. पहिली, विकणारा जास्त घेतो. दुसरी, घेणाऱ्याला जास्त जड जातं. पहिलीसाठी चलन बदलून तुलना करायची. दुसरीसाठी ते बदलायचंच नाही. पगाराशी तुलना करायची. समजा डेट्रॉइटमधल्या माणसाला वर्षाला ७०,००० अमेरिकन डॉलर मिळतात आणि नदीपलीकडे विंडसरमध्ये तसंच काम करणाऱ्याला ७०,००० कॅनेडियन. डेट्रॉइटवाल्याला हा ट्रेलर जेमतेम सात महिन्यांच्या पगाराला पडतो, विंडसरवाल्याला नऊ महिन्यांपेक्षा जास्त. डीलरने एक पैसाही जास्त घेतला नाही, तरी विंडसरवाल्याच्या खिशाला भोक मोठं पडलं. ‘चलन बदलून बघ, सारखंच आहे’ असं त्याला सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. त्याला पगार काही कोणी चलन बदलून देत नाही.

मग हे आरव्हीच्याच बाबतीत इतकं का खुपतं? घराची दुरुस्ती, केस कापणं, मुलांचं पाळणाघर यांच्या किमती इथल्या पगारांवर ठरतात, कारण ते काम इथेच होतं. आरव्हीचं तसं नाही. उत्तर अमेरिकेतल्या बहुसंख्य आरव्ही इंडियाना राज्यातल्या एल्खार्ट आणि आसपासच्या गावांत बनतात. कारखान्याचं बिल अमेरिकन डॉलरमध्ये येतं आणि कॅनडातला डीलर ते त्याच चलनात भागवतो. म्हणजे खर्च एल्खार्टच्या डॉलरमध्ये आणि कमाई कॅनडाच्या. लूनी, म्हणजे कॅनेडियन डॉलर, पडला की भाजी थोडी चढते, आरव्ही पूर्ण चढते.

यावर ठरलेला प्रश्न: कॅनडात बनणाऱ्या गाड्या तरी स्वस्त का नाहीत? मॅनिटोबातल्या विंकलरमध्ये लेझर ट्रॅव्हल व्हॅन्स बनतात, सॅस्कटूनमध्ये प्लेझर-वे. पण त्यांच्या खालची चासी मर्सिडीज स्प्रिंटर किंवा फोर्ड ट्रान्झिटसारख्या व्हॅनची असते, ती बाहेरूनच येते. आणि या कंपन्या माल दोन्ही देशांत विकतात. घरच्या बाजारात फार स्वस्त विकलं, तर अमेरिकन गिऱ्हाईक विंकलरलाच येऊन गाडी नेईल. त्यामुळे गाडी मॅनिटोबातली असली, तरी तिच्या किमतीची नजर सीमेपलीकडे असते.

म्हणजे विकणारे सगळे साधुसंत, असं समजू नका. २००७ च्या सप्टेंबरमध्ये लूनी अमेरिकन डॉलरच्या बरोबरीला आला, १९७६ नंतर पहिल्यांदाच. नोव्हेंबरमध्ये तो काही काळ १.१० अमेरिकन डॉलरच्या आसपास गेला. वरचा चलनाचा हिशेब तेव्हा लागू केला असता, तर कॅनडातल्या किमती अमेरिकेच्या बरोबर, किंबहुना खाली दिसायला हव्या होत्या. तसं झालं नाही. पाट्यांवर जुनेच आकडे राहिले आणि लोक गाड्या आणायला सीमेपलीकडे गेले. दोन्ही देशांतल्या किमतींच्या या तफावतीवर कॅनडाच्या सिनेटच्या वित्त समितीने पुढे चौकशी केली आणि २०१३ च्या फेब्रुवारीत अहवाल दिला. त्यात सगळा दोष एका कारणावर ढकललेला नाही. मात्र कंपन्या देश बघून किंमत ठरवतात, हे एक कारण म्हणून त्यात आहे. लूट शोधायची तर ती इथे, चलन बदलल्यावरही उरणाऱ्या फरकात. २०१६ च्या जानेवारीत लूनी ७० अमेरिकन सेंटच्याही खाली गेला, तेव्हा मात्र पाट्या बदलायला वेळ लागला नाही. आजारपणाबद्दल आपण म्हणतो ना, हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, किमतीचं तेच.

म्हणून आजच्या दराने केलेला भागाकारही थोडा खोटाच असतो. डीलरच्या अंगणातला ट्रेलर सहा-आठ महिन्यांपूर्वीच्या दराने घेतलेला असू शकतो. लूनी नुकताच घसरला असेल, तर जुना साठा अमेरिकेपेक्षा स्वस्तही निघतो. खरेदीची संधी शोधायची तर तिथे शोधा.

आता ते बावीसशे. वाहतूक हा मोठा भाग: ट्रेलर बहुधा एकेक करून पिकअपमागे ओढत आणतात. एल्खार्टहून टोरंटो सातशे किलोमीटरच्या आत-बाहेर आहे, कॅल्गरी मात्र तीन हजारांच्या जवळ, म्हणून अल्बर्टातला आकडा आणखी फुगतो. वीज, गॅस आणि नळकामासाठी कॅनडात सीएसए या मानक संस्थेची झेड२४० मानकं लागतात, लेबलं इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांत लागतात. बाजार लहान आणि हंगाम तोकडा, त्यामुळे न विकलेल्या मालावर डीलर हिवाळाभर व्याज भरतो. एवढं पुरे, यातलं एकही सतरा हजारांचं कारण नाही.

माझा खास राग एमएसआरपीवर, म्हणजे उत्पादकाने सुचवलेल्या छापील किमतीवर. अमेरिकेत आरव्हीच्या छापील किमतीवर २५-३० टक्के सूट म्हणजे नवलाची गोष्ट नाही. ती किंमत सूट दाखवण्यासाठीच छापलेली असते. आणि लोक काय करतात? तिकडची सूट वजा केल्यावरची किंमत घेतात आणि इकडची छापील किंमत तिच्याशेजारी ठेवतात. दोन्हीकडची छापील घ्या, नाहीतर दोन्हीकडे डीलरशी बोलून शेवटचा आकडा घ्या. शिवाय ‘तोच’ ट्रेलर खरंच तोच आहे का, तेही बघा. इथले डीलर अनेकदा थंडीची तयारी करूनच माल मागवतात: खालची बाजू झाकलेली आणि गरम राहणारी, टाक्यांना ऊब देणारी सोय.

करांचं थोडक्यात. ऑन्टारिओत केंद्र आणि प्रांत मिळून १३ टक्के एचएसटी आहे, अल्बर्टात फक्त ५ टक्के जीएसटी, इंडियानात ७ टक्के विक्रीकर आणि मॉन्टानात विक्रीकर नाहीच. पण जाहिरातीतल्या आकड्यात सहसा दोन्हीकडे कर धरलेला नसतो, त्यामुळे स्क्रीनशॉटमधला फरक करामुळे नाही. तिकडून गाडी आणलीत तरी जीएसटी सीमेवर भरावा लागतो आणि प्रांताचा वाटा नोंदणीच्या वेळी. मॉन्टानाची नोंदणी करून कर चुकवण्याच्या गोष्टी अमेरिकन लोकांनी करायच्या, आपण नाही. आणि कृपा करून ‘लक्झरी टॅक्समुळे मोटरहोम महाग’ हे सांगणं थांबवा. १ सप्टेंबर २०२२ पासून १,००,००० डॉलरपेक्षा महाग गाड्यांवर तो कर लागू आहे खरा, पण ज्या मोटरहोममध्ये स्वयंपाकाची सोय, फ्रिज, संडास, स्वतंत्र हीटर किंवा एसी, नळासह पाणी, स्वतंत्र वीज किंवा गॅस यांपैकी चार गोष्टी आहेत, ते त्यातून वगळलेलं आहे. यातल्या चार नसतील, तर तुम्ही मोटरहोम नाही, व्हॅन बघताय.

स्वतः आणायचीच असेल, तर ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या यादीत ते मॉडेल बसतं का, हे पैसे देण्याआधी बघा, नंतर नाही. पंधरा वर्षांपेक्षा जुन्या गाडीला आयातीच्या या नियमातून सूट आहे. उत्पादक सीमेपलीकडे वॉरंटी मानतो का, हे लेखी घ्या. फोनवरचं ‘हो’ मी एकदा घेतलं होतं आणि पाण्याच्या पंपाचे पैसे स्वतः भरले.

भाचा यंदा जुन्या ट्रेलरकडे वळला आहे. तिथे आपलाच पडलेला लूनी उलटा फिरतो: अमेरिकन गिऱ्हाइकाला इथला वापरलेला माल स्वस्त दिसतो, मग तो इथे येऊन मागणी वाढवतो. ऑन्टारिओतल्या लंडनजवळचा एक वीस फुटी ट्रेलर भाच्याने शनिवारी बघायचा ठरवला होता. शुक्रवारी संध्याकाळी तो विकला गेला. नेणाऱ्या पिकअपची पाटी मिशिगनची होती.